वडिलांवरची कविता मंचावर म्हणायची आहे. कधी गळा दाटतो, कधी सपाट जाते

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील जाऊन आठ महिने झाले. त्यांच्यावरची एक कविता आणि तिला जोडून एक आठवण, असं पाच मिनिटांचं सादरीकरण पुण्यातल्या एका ओपन माइकमध्ये, म्हणजे कुणालाही मंच मिळतो अशा कार्यक्रमात करायचं आहे. घरी वाचली की सगळे रडतात. मित्रांसमोर म्हटली की सपाट जाते, आणि मधूनच दुसऱ्या कडव्यात गळा असा दाटतो की पुढे शब्द फुटत नाही. हातात तीन आठवडे आहेत.

घरच्यांच्या रडण्यावरून कवितेचा अंदाज बांधू नका. तुम्ही ‘बाबांची खुर्ची’ म्हटलंत की आईला ती खुर्ची दिसते, त्या खुर्चीच्या हातावरचा चहाचा डाग दिसतो. अर्धी कविता ऐकणाऱ्यांनी मनातल्या मनात लिहून घेतलेली असते. मित्रांकडे हा साठा नाही. त्यांना ओळीत जेवढं दिलंय तेवढंच मिळतं, म्हणून सपाट जाते. अशा वेळी बहुतेक जण आवाजात जास्त दुःख ओततात, आणि तिथूनच सादरीकरण बिघडायला लागतं. दुरुस्ती आवाजात नाही, कागदावर करायची असते. विशेषतः ओळी जिथे संपतात तिथे.

शेवटांचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कविता ऐकताना माणसाच्या अंगावर काटा नेमका कधी येतो, हे त्यांनी त्वचेवर कॅमेरा लावून टिपलं होतं. काट्याचे क्षण कवितेभर सारखे पसरलेले नव्हते. ओळीच्या, कडव्याच्या आणि अख्ख्या कवितेच्या शेवटाशी त्यांची दाटी होती. हे प्रयोग जर्मन कवितांवर झाले, पण आपल्याकडे छंद रचणाऱ्यांना ही गोष्ट कानाने कधीच कळलेली होती. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा फक्त चारांचा. कान सहाची तयारी करून बसतो आणि ओळ दोन अक्षरं आधीच थांबते. त्या रिकाम्या दोन अक्षरांत ऐकणारा आत येतो. ज्ञानेश्वरीच्या ओवीतला शेवटचा आखूड चरणही हेच करतो.

आता मराठीची खरी अडचण. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे सगळ्यात मोक्याची जागा बहुतेक वेळा ‘होतं’, ‘आहे’, ‘असायचं’, ‘येत होती’ असल्या शब्दांना जाते. शिवाय वाक्य संपता संपता श्वासही संपलेला असतो, त्यामुळे ते शेवटचे शब्द माइकपर्यंत पोचतही नाहीत. कागदावर हे खटकत नाही, मंचावर मात्र दर ओळीला हवा निघून जाते.

नमुना म्हणून दोन ओळी घेऊ. नवशिक्यांच्या वहीत हमखास सापडतात तशा:

बाबा, तुम्ही गेलात आणि घर पोरकं झालं होतं,
तुमच्या आठवणींनी मन भरून येत होतं.

दोन्ही ओळी ‘होतं’वर पडतात. घर पोरकं होणं, मन भरून येणं, आठवणी, हे सगळं कुणाच्याही वडिलांबद्दल म्हणता येईल. यात एकही वस्तू नाही, कुणी काही करत नाही. आता हेच असं म्हणून बघा:

बाबांचा फोन कपाटात आहे. चालू.
दर अठ्ठावीस दिवसांनी आई त्याला रिचार्ज मारते.
एकशे नव्व्याण्णवचा.
म्हणते, इनकमिंग बंद पडेल.

पहिल्या ओळीत ‘चालू’ हा शब्द मुद्दाम ‘आहे’च्या पुढे काढून एकटा ठेवलाय. ‘बाबांचा फोन चालू स्थितीत कपाटात आहे’ असं म्हटलं असतं तर तो शब्द मध्येच चिरडला असता. तिसरी ओळ दोनच शब्दांची. तिथे थोडं हसू येईल, कारण हा आकडा प्रत्येकाच्या खिशातला आहे; येऊ द्या. चौथी ओळ क्रियापदावरच संपते, तरी चालते, कारण ‘पडेल’मध्ये आईची भीती आहे. म्हणजे क्रियापद शेवटी नकोच असा नियम करू नका. ज्या क्रियापदात काही घडतं ते राहू द्या; जे नुसतं काळ दाखवायला आलंय ते पोटात ढकला किंवा काढून टाका. आणि बघा, या चार ओळींत दुःख, अश्रू, आठवण यांतला एकही शब्द नाही.

तुमची संहिता समोर घ्या आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा. फक्त रेघ मारलेले शब्द वरून खाली वाचा. त्यात ‘होतं-होती-होते’ची रांग लागली असेल तर निम्मी वाक्यं उलटवावी लागतील. मग दुसऱ्या रंगाने वस्तूंवर गोल करा: हाताने उचलता येतील अशा. पाच मिनिटांत चार ते सहा वस्तू पुरतात. दहा झाल्या तर यादी वाटायला लागते, दोनच असतील तर ऐकणारा धुक्यात राहतो.

लांबीचं गणित साधं आहे. मराठी सावकाश, थांबे घेत म्हटलं तर मिनिटाला साधारण ९० ते ११० शब्द होतात. पाच मिनिटं दिली असतील तर साडेचार मिनिटांची तयारी करा, म्हणजे ४२० ते ४५० शब्द. उरलेली तीस सेकंदं हशा, टाळी, पाणी आणि तुमचा दाटलेला गळा यांच्यासाठी. बहुतेक जण सहाशे-सातशे शब्द घेऊन येतात आणि मग धावतात, आणि धावताना पहिला बळी थांब्यांचा जातो. वेळेची ही शिस्त या कलेच्या मुळातच आहे. मार्क स्मिथ या बांधकाम कामगार कवीने १९८६ मध्ये शिकागोच्या ग्रीन मिल या जाझ क्लबमध्ये पोएट्री स्लॅम, म्हणजे मंचावर कविता म्हणण्याची स्पर्धा, सुरू केली. त्या स्पर्धांमध्ये तीन मिनिटं आणि वर दहा सेकंदांची सवलत, पुढे गुण कापायचे, हा नियम रूढ झाला. वेशभूषा नाही, वस्तू नाही, वाद्य नाही. गुण देणारे पाच जण प्रेक्षकांतूनच निवडलेले. न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली जॉर्ज डॉज ग्रीन या कादंबरीकाराने सुरू केलेल्या ‘द मॉथ’ या गोष्टी सांगण्याच्या कार्यक्रमात गोष्ट खरी आणि स्वतःची हवी, कागद हातात नको, त्यांच्या खुल्या स्पर्धेत पाच मिनिटं मिळतात. आपल्याकडचे ओपन माइक यातलं जमेल तेवढं घेतात आणि नियम आयोजकागणिक बदलतात. कागद किंवा मोबाइल चालतो का, वेळ संपताना दिवा दाखवतात की घंटा वाजवतात, हे आधीच विचारून घ्या. ऐन गंभीर ओळीवर घंटा वाजली तर त्या ओळीचं काही खरं नाही.

सुरुवात. ‘नमस्कार, माझं नाव अमुक, ही कविता मी माझ्या बाबांवर लिहिली आहे, ते आठ महिन्यांपूर्वी...’ यात तीस-चाळीस सेकंदं जातात आणि श्रोत्याला काय वाटायला हवं ते आधीच सांगून होतं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण असतं, मग उत्तररंगात आख्यान येतं. तिथे तासाभराची ऐसपैस बैठक असते. पाच मिनिटांत पूर्वरंगाला जागा नाही. नाव सूत्रसंचालकाला सांगू द्या. तुम्ही माइकपाशी जा, एक श्वास सोडा आणि सरळ ‘बाबांचा फोन कपाटात आहे’ इथून सुरू करा.

याला जोडून एक पथ्य. बाबा गेलेत ही गोष्ट शेवटच्या धक्क्यासाठी राखून ठेवू नका. हा मोह फार जणांना होतो. श्रोत्याला चौथ्या मिनिटाला कळतं की आपल्याला इतका वेळ गाफील ठेवलं होतं, आणि त्याचं मन आक्रसतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात माहिती होऊ दे. ती एकदा कळली की पुढच्या साध्यासुध्या ओळीही आपोआप जड होतात. बाबा भाजी घेताना कशी घासाघीस करायचे, हे ते हयात असताना ऐकणं आणि ते गेल्यावर ऐकणं यात केवढा फरक आहे!

कविता आणि आठवण जोडताना हसू आधी आणि घाव नंतर, हा क्रम बहुधा लागू पडतो. पहिल्या दीड मिनिटात एकदा तरी मोकळं हसू आलं की सभागृह तुमच्या बाजूला येतं, लोकांना माणूस आवडतो, आणि मगच त्याच्या जाण्याने काही तुटतं. आठवण गद्यात सांगत असाल तर ती पूर्ण पाठ करू नका. पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि मधले चार-पाच टप्पे पक्के ठेवा. बाकीचं तिथल्या तिथे बोला. कविता मात्र शब्दन् शब्द पाठ हवी.

पाठांतर उलटं करा. आधी शेवटचं कडवं, मग त्याच्या आधीचं आणि ते पुढच्याला जोडून, असं मागे मागे या. सरळ पाठ केलं की पहिलं कडवं शंभरदा म्हटलं जातं आणि शेवटचं दहादा, म्हणून शेवटाकडे जाताना पाय लटपटतात. उलट्या पद्धतीत जितकं पुढे जाल तितकी जमीन घट्ट होत जाते. गळा दाटला तर सावरायला ही घट्ट जमीनच लागते.

आता गळ्याचं. रडू यायला लागलं की शरीर जास्त हवा घेण्यासाठी घसा उघडा ठेवू पाहतं आणि त्याच वेळी आपण आवंढा गिळायला जातो. या ओढाताणीतून तो गोळा तयार होतो. दाबून बोलायला गेलात की आवाज चिरकतो आणि दोन-तीन ओळी अस्पष्ट जातात. गोळा आला की बोलायचं थांबा. श्वास आत ओढू नका. आधी तोंडाने हळूहळू बाहेर सोडा. पाण्याचा एक घोट घ्या. गिळण्याची क्रिया पूर्ण झाली की पकड सैल होते. नजर माणसांवरून काढून मागच्या भिंतीवरच्या एखाद्या वस्तूवर, पंख्यावर किंवा दारावर न्या. मग थांबलात तीच ओळ एक पट्टी खाली आणि जरा हळू म्हणा. ‘सॉरी’ म्हणू नका. माफी मागितलीत की लोक तुमची काळजी करायला लागतात, बाबांना विसरतात. पाच-सहा सेकंदं शांतता गेली तर काही बिघडत नाही. तुम्हाला ती मिनिटभराची वाटते. खाली बसलेल्यांना तो एक जड थांबा वाटतो.

सरावात गळा दर वेळी त्याच ओळीवर अडकत असेल तर ते बरं लक्षण आहे. त्या ओळीआधी तुम्हाला श्वासाची जागा आखता येते. रोज वेगळ्याच ठिकाणी बांध फुटत असेल तर जखम अजून ओली आहे, खपली धरलेली नाही. मग ही तारीख सोडा, पुढचा महिना घ्या. आठ महिने म्हणजे वर्षश्राद्धही झालेलं नाही. काही घरांत तोवर असं चारचौघांत बोललेलं आवडत नाही, तेही आईला विचारून घ्या. मन मोकळं करण्यासाठीचं लिखाण वेगळं आणि मंचावरचं वेगळं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या सगळ्यात दुखऱ्या अनुभवाबद्दल लिहिलं. लिहिल्यावर लगेच त्यांना आणखी वाईट वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांचं आजारपणासाठी दवाखान्यात जाणं कमी झालं. तसं चार दिवस लिहून काढा, कुणाला दाखवू नका. त्या कागदांतून मंचासाठी बहुधा दोन-तीनच ओळी निघतात, पण त्या खऱ्या असतात.

थांब्यांबद्दल वर तुकड्यातुकड्यांत आलंय. ते संहितेवर लिहूनच ठेवा: एक तिरकी रेघ म्हणजे एक सेकंद, दोन रेघा म्हणजे दोन. सगळ्यात जड ओळीनंतर तीन सेकंद, आणि असा थांबा पूर्ण सादरीकरणात एकदाच. दर कडव्याला तीन सेकंद थांबलात तर ती लकब होते. वरच्या नमुन्यात ‘चालू’च्या आधी अर्धा सेकंद, ‘एकशे नव्व्याण्णवचा’नंतर हसू ओसरेपर्यंत, आणि ‘बंद पडेल’नंतर तीन. ती शेवटची ओळ आई जशी म्हणत असेल तशीच म्हणा, सहज, किंचित वैतागून. तिथे तुम्ही हळवं झालात की आईचं वाक्य तुमचं होतं आणि मेलं.

आजकाल ओपन माइकमध्ये एक ठरावीक सूर ऐकू येतो: प्रत्येक ओळ वर चढत जाऊन हवेत लोंबकळते, शेवटचा स्वर ताणला जातो, आणि विषय आई असो की मेट्रोचं तिकीट, चाल तीच. व्हिडिओ ऐकून ऐकून ही लागण होते. उतारा असा: मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून मैत्रिणीला फोनवर हीच हकीकत सांगा, बाबांच्या फोनचं काय चाललंय ते. मग कवितेचं रेकॉर्डिंग त्याच्या शेजारी ठेवून ऐका. जिथे दोन्ही आवाज फार वेगळे वाटतील तिथे कवितेतला खोटा. मागे पियानोचे उदास सूर वाजवण्याची पद्धतही पडली आहे; आयोजकाने आग्रह केला तरी नको म्हणा. संगीत शब्दांच्या आधीच रडायला सांगतं, आणि वाजवणारा आपल्या लयीत चालत असल्याने तुमचे थांबे त्याच्या हातात जातात. डफावरचा शाहीर हा वेगळा मामला, तिथे लय शब्दांच्या पोटातूनच येते. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड (लावणीचा एक प्रकार) घ्या: गावी राहिलेल्या बायकोच्या विरहापासून निघते आणि बेळगाव, कारवारपर्यंत जाऊन पोचते. संयुक्त महाराष्ट्राची अख्खी सभा त्या एका माणसाच्या विरहात शिरली. खाजगी गोष्ट सार्वजनिक कशी होते याचं मराठीत याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही. आधी मैना नीट दिसते, मग महाराष्ट्र. तुमच्याही बाबतीत आधी बाबा दिसू देत; ‘प्रत्येकाच्या घरात असे बाबा असतात’ हे ऐकणारे स्वतःच म्हणतील. तुम्ही म्हणू नका, आणि ‘म्हणून मित्रांनो, आईवडिलांना वेळ द्या’ हे तर नाहीच नाही.

तीन आठवड्यांची विभागणी अशी करा. पहिला आठवडा फक्त कागद: शेवटचे शब्द, वस्तू, काटछाट. दुसऱ्यात उलटं पाठांतर, चालता-चालता, पुटपुटत, भावना न ओतता. पूर्ण भावनेने दिवसातून एकदाच म्हणा. पाच-पाचदा म्हटलंत तर मन बधिर होतं, आणि मग अभिनय सुरू होतो. तिसऱ्यात वडिलांना कधीही न भेटलेल्या दोन-तीन लोकांसमोर म्हणा. त्यांना ‘कसं वाटलं?’ विचारू नका, ‘छान’ एवढंच मिळेल. ‘काय दिसलं?’ आणि ‘लक्ष कुठे उडालं?’ हे विचारा. तिघांनाही फोन दिसला पण खुर्ची कुणालाच आठवत नसेल तर खुर्ची काढा.

माइक बहुतेक ठिकाणी हातात धरायचा साधा, जवळून बोलायचा (डायनॅमिक) असतो. ओठांपासून तीन-चार बोटं अंतर ठेवा. फार जवळ गेलात की आवाज घुमून जाडा होतो, हातभर लांब गेलात की हळू ओळी मरतात. मराठीत ‘बाबा’ म्हणताना दोन्ही ‘ब’ माइकवर आदळतात. प, फ, भ यांचंही तेच. माइक तोंडासमोर सरळ न धरता हनुवटीच्या बाजूने जरा तिरका धरा, हवा बाजूने निघून जाते. वरची जाळी मुठीत पकडू नका, शिट्टी वाजते. हात थरथरत असतील तर स्टँड मागा. कागद धरायची वेळ आली तर तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, पातळ कागद माइकपाशी फडफडतो.

व्हिडिओचं आधी ठरवा. बरेच आयोजक सगळं चित्रित करून यूट्यूबवर टाकतात. नको असेल तर तसं लेखी कळवा, मेसेज पुरतो. बाबांचा आजार, कर्ज, घरातली भांडणं यांतलं काही येत असेल तर आईने आणि भावंडांनी संपूर्ण संहिता आधी ऐकलेली हवी, नुसता विषय सांगून भागत नाही. त्यांनी एखादी ओळ काढायला सांगितली तर काढा. ती ओळ कितीही चांगली असली तरी बाबा त्यांचेही होते.

सादरीकरण झाल्यावर लगेच घरी पळू नका, तासभर तरी थांबा, कुणीतरी सोबत असू द्या आणि आधी काही खाऊन घ्या. अनोळखी लोक येऊन त्यांच्या वडिलांबद्दल सांगतील. सल्ला देण्याची गरज नाही, नाव विचारा आणि ऐका. फार झालं तर ‘जरा बाहेर जाऊन येते’ किंवा ‘येतो’ म्हणून उठता येतं. आपला व्हिडिओ त्या रात्री बघू नका. दोन दिवसांनी आधी नुसता आवाज ऐका, चित्र नको. कुठे धावलात आणि कोणते शेवटचे शब्द गिळलेत ते तेव्हा नीट कळतं, आणि पुढच्या वेळची दुरुस्ती तिथूनच सुरू करा.